डब्यातली अळी ओळखायचीय? तोंड सोडा, मागचं टोक बघा

(टेबलावर ओल्या कचऱ्याचा डबा, झाकण उघडं)

पावसाळा लागला की मला फोटो यायला लागतात. कंपोस्टचा डबा, आत वळवळ, आणि खाली एकच ओळ: 'ताई, सगळं फेकून देऊ का?' थांबा हो. आधी अळी कुणाची ते तर बघू.

चिमट्याने उलटी करा. पुढच्या भागाखाली सांधे असलेले सहा पाय दिसले, तर ती माशीची नाहीच. हुमणीसारखी भुंग्याची असेल, नाहीतर एखाद्या पतंगाची. माशीच्या अळीला असे पाय नसतात. तांदळातल्या सोंड्याची अळीही बिनपायाची असते, पण ती दाण्याच्या आत राहते, ती इथे कशाला येईल!

मग डोकं शोधा.

(क्लोजअप: तळहातावर तपकिरी अळी)

ही बघा. चपटी, मळकट, कातडी चिवट आणि खरखरीत, कारण तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं. पुढे छोटंसं निमुळतं डोकं स्पष्ट दिसतंय. ही ब्लॅक सोल्जर फ्लाय. पूर्ण वाढली की दोन सेंटिमीटरच्या आसपास जाते, काळपट होते, खाणं सोडते आणि कोरडी जागा शोधत डब्याबाहेर चढायला लागते. लोक घाबरतात ते नेमके तेव्हा. हिला मारू नका. हिची माशी चावत नाही, ताटावर घोंगावत नाही, आणि या अळ्या भरपूर असल्या की घरमाशी तिथे अंडी कमी घालते.

आता ही दुसरी.

(क्लोजअप: पांढरी अळी)

पांढरट, गुळगुळीत, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला बोथट. डोकं म्हणावं असं काही नाही. निमुळत्या टोकात काळे आकडे आहेत, त्यांनी ती खरवडून खाते. आणि बोथट टोकावर हे दोन तपकिरी ठिपके. 'डोळे किती मोठे आहेत!' असं हमखास ऐकू येतं. ते डोळे नाहीत, श्वासरंध्रं आहेत. तोंड लगद्यात खुपसलेलं, मागचं टोक हवेत: खाणं आणि श्वास एकाच वेळी. माझ्या मते सगळी ओळख या दोन ठिपक्यांत आहे. रंग आणि लांबी तर खाण्यावर आणि वयावर बदलते.

नीट बघायचं तर अळी कडकडीत गरम पाण्यात अर्धा मिनिट टाका. अंग ताठ होतं. जिवंत अळी थेट स्पिरिटमध्ये टाकली तर ती काळी पडते, मग काही दिसत नाही. ठिपके भिंगातून दिसतील, त्यांच्यातल्या फटींसाठी मात्र शाळेतला साधा मायक्रोस्कोप हवा.

(स्क्रीनवर तीन आकृत्या)

पूर्ण वाढलेल्या अळीच्या प्रत्येक ठिपक्यात तीन फटी असतात. नागमोडी असतील तर घरमाशी. सरळ, तिरक्या असतील तर मांसावर येणारी निळी-हिरवी चकाकती माशी. दोन्ही ठिपके खोल खळग्यात बुडालेले दिसले, तर करडी मांसमाशी, जी अंड्यांऐवजी थेट अळ्या घालते. आणि फटी दोनच दिसल्या तर? अळी अजून दुसऱ्या अवस्थेत आहे, म्हणजे पूर्ण वाढायच्या आधी तिला आणखी एकदा कात टाकायचीय. मृतदेहावरच्या अळ्यांचं वय काढताना न्यायवैद्यक तज्ज्ञ याच फटी मोजतात.

काहींना मायक्रोस्कोप लागतच नाही. मागे लांबच लांब शेपटीसारखी नळी असेल, तर ती साचलेल्या घाण पाण्यातून वर हवा घेणारी ड्रोन माशीची अळी. आंब्याच्या गरातली अळी तळहातावर ठेवा: शेपूट तोंडाच्या आकड्यांनी पकडते, ताणते, सोडते आणि टुणकन उडी मारते! ती फळमाशी.

तरीही ठरत नसेल तर वाढवून बघा. बरणीत ओलसर माती, थोडा तोच कचरा, वर मलमल आणि रबरबँड. पांढऱ्या अळीचीच कातडी आक्रसून तपकिरी कवच होतं आणि त्यातून माशी निघते. माशी बाहेर आली तरी कवच टाकू नका. मागच्या टोकावरच्या फटी त्यावर तशाच राहतात, त्या मायक्रोस्कोपखाली धरा आणि बरणीतल्या माशीशी ताडून बघा.