हेलिके : शहर समुद्रात नाही, बागांखाली

[दृश्य : कोरिंथच्या आखाताचा दक्षिण किनारा, एगिओजवळच्या फळबागा]

इसवी सनपूर्व ३७३ च्या हिवाळ्यात एका रात्रीत ग्रीसमधलं हेलिके हे प्राचीन शहर नाहीसं झालं. आधी भूकंप, पाठोपाठ समुद्र. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो, शहर किनाऱ्यापासून १२ स्टेडिया, म्हणजे सुमारे २ किलोमीटर आत होतं. मृतदेह काढायला २००० माणसं पाठवली, पण हाती काहीच लागलं नाही.

त्यामुळे शहर समुद्राने गिळलं असं मानून पुढे सगळ्यांनी आखातच धुंडाळलं. १९८८ मध्ये डोरा कात्सोनोपुलू आणि स्टीव्हन सोटर या संशोधकांनी सोनारने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून, समुद्राचा तळ तपासला. शहर नव्हतं. या नकारानेच शोध जमिनीवर आणला. सेलिनूस आणि केरिनितिस या नद्या डोंगरातून गोटे आणि गाळ आणतात. शहर बुडालं ते किनाऱ्याआडच्या उथळ खाजणात (खाऱ्या-गोड्या पाण्याच्या तळ्यात), आणि ते खाजणही पुढे गाळाने भरून गेलं.

[दृश्य : बोअर, पेटीत मांडलेले मातीचे दांडे]

१९९१ पासून या मैदानात बोअर घेतले. वर येणारा मातीचा दांडा खोलीच्या क्रमाने पेटीत मांडतात. त्यात खापर दिसलं म्हणून लगेच हुरळून जायचं नाही. नदीने वाहून आणलेल्या खापराच्या कडा झिजलेल्या असतात. कडा धारदार असतील, तर ते तिथेच फुटलं असण्याची शक्यता जास्त. शिवाय बोअरची भिंत ढासळली की वरच्या थरातलं खापर घरंगळून तळाला जातं. म्हणून दांड्याचा बाहेरचा पापुद्रा खरवडून टाकायचा आणि गाभ्यात मिळेल तेवढंच धरायचं.

२००१ मध्ये रिझोमिलोस गावाजवळ अभिजात काळातल्या (इसवी सनपूर्व पाचव्या-चौथ्या शतकातल्या) इमारतींचे अवशेष सापडले. त्यांच्यावर बारीक चिकणमाती होती, आणि त्या मातीत मचूळ पाण्यात वाढणाऱ्या जिवांची सूक्ष्म कवचं. त्यावरून खाजणाची खात्री पटली. जवळच त्याहून सुमारे दोन हजार वर्षं जुनी, ताम्रपाषाणानंतरच्या कांस्ययुगाच्या सुरुवातीची वस्ती निघाली : ३ ते ५ मीटर खोल, नदीच्या गोट्यांच्या भिंती, भांडी जागच्या जागी.

[दृश्य : ट्रेंचच्या कोपऱ्यात पंप]

इतक्या खाली खणायचं म्हणजे भूजलाशी झुंज. ट्रेंचच्या, म्हणजे उत्खननाच्या चराच्या, एका कोपऱ्यात, अवशेष नसलेल्या जागी, तळापेक्षा खोल खड्डा घेऊन त्यातून पंपाने पाणी उपसावं लागतं. पंपाच्या नळीला जाळी हवीच, नाहीतर बारीक गाळ ओढला जातो आणि भिंतीचा पायाच पोकळ होतो. पंप बंद पडला, तर पाणी पुन्हा चढतं आणि सुटलेल्या मातीत थरांच्या रेषा मिसळून जातात. बाजू उभ्या ठेवल्या तर गोट्यांचा थर अंगावर येतो. म्हणून पायऱ्या पाडत उतरायचं.

ओली खापरं लगेच उन्हात टाकली तर तडकतात. ती सावलीत, सावकाश वाळवायची. मोसम संपला की नोंदी, छायाचित्रं, मोजमापं पूर्ण करून अवशेषांवर कापड अंथरायचं आणि ट्रेंच मातीने बुजवायचा. उघडा ठेवला, तर पहिल्याच पावसात भिंती खचतील.