बायोलॉजीचे सर स्वतःच्याच वर्गावर रिसर्च करतात, म्हणजे नक्की काय करतात?

नमस्कार मंडळी! एक प्रश्न विचारतो, व्हिडिओ पॉज करा आणि उत्तर द्या, गुगल नको. एवढंसं बी, त्याचा काही वर्षांत टनभर वजनाचा वृक्ष होतो, तर हे वजन आलं कुठून?

माती, पाणी, खत... एफवायच्या वर्गात विचारून बघा, हीच उत्तरं येतात. आणि गंमत म्हणजे हीच पोरं प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण झोपेतून उठवलं तरी फळ्यावर लिहून देतील, पण लाकडातला कार्बन हवेतून आलाय हे त्याच समीकरणात लिहिलंय, ते काही डोक्यात शिरलेलं नसतं.

बरं, यात लाजायचं काही नाही. सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या शास्त्रज्ञाने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेऊन त्यात ५ पौंडाचं विलोचं रोप लावलं, आपल्या वाळुंजाच्या जातीतलं झाड, आणि ५ वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं आणि माती कमी झाली फक्त २ औंस, म्हणजे साठेक ग्रॅम! त्याने निष्कर्ष काढला की सगळं वजन पाण्याचं. १६४८ मध्ये छापून आलंय हे. आणि वायूंवर काम करणारा, 'गॅस' हा शब्द ज्याने दिला तो माणूस हाच बरं का, तरी त्याला हवा सुचली नाही.

आता आपला मुद्दा. बहुतेक सर-मॅडम असं उत्तर आलं की म्हणतात, बेसिक कच्चं आहे यांचं, पुढे चला, पोर्शन संपवायचाय. पण काही बायोलॉजीचे प्राध्यापक तिथेच थांबतात. हे चूक उत्तर माझ्या तासाला बसूनसुद्धा कसं टिकलं, हाच त्यांचा रिसर्चचा प्रश्न होतो. जगात याला बायोलॉजी एज्युकेशन रिसर्च म्हणतात, आणि यात पूर्ण करिअर करणारी माणसं आहेत, जी सुरुवातीला तुमच्या-आमच्या सरांसारखी साधी बायोलॉजिस्टच असतात.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं हे म्हणजे पीपीटी जरा रंगीत करणं. आधी मुलांना एकेकट्याला बसवून बोलतं करायचं. समजा विषय आहे अँटिबायोटिक रेझिस्टन्स. तुमच्या घरीपण कुणीतरी म्हणत असेल, सारख्या गोळ्या घेऊ नको, शरीरातल्या जंतूंना सवय होते. आता टीवायचा मुलगा पेपरात हेच जरा सुधारून लिहितो, जिवाणू औषधाला सरावतात आणि स्वतःत बदल करून घेतात. हे चूक आहे, कारण कुठलाही एक जिवाणू सरावत वगैरे नाही, लाखोंमध्ये काहींच्यात तो बदल आधीच असतो, औषधाने बाकीचे मरतात आणि हे उरतात, वाढतात. तर मुलाचं ते वाक्य जसंच्या तसं उचलायचं आणि एमसीक्यूचा चुकीचा ऑप्शन करायचा. मग घोकून आलेला बरोबर त्यात अडकतो.

जिवाणूंच्या उदाहरणात जे काही उरतात आणि वाढतात, तीच नैसर्गिक निवड. तिच्यावर अशी २० प्रश्नांची टेस्ट २००२ मध्ये आली, गॅलापागोसचे फिंच पक्षी, व्हेनेझुएलाचे गप्पी मासे आणि कॅनरी बेटांवरचे सरडे घेऊन. तीच टेस्ट शिकवायच्या आधी आणि नंतर घेतली की कळतं, आपल्या शिकवण्याने फरक पडला का नाही.

यातलं मोठं नाव म्हणजे स्कॉट फ्रीमन, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे, मुळात उत्क्रांतीचे माणूस. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान-गणित-इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले. नुसतं लेक्चर असेल तिथे सरासरी ३३.८ टक्के नापास, मुलांना तासात काही करायला लावलं तिथे २१.८. शंभरातली बारा पोरं, मंडळी.

आणि 'करायला लावणं' म्हणजे फार काही नाही. प्रश्न टाकायचा, चार ऑप्शन, प्रत्येकाने आपलं मत द्यायचं, मग शेजारच्याशी दोन मिनिटं वाद घालायचा आणि परत मत द्यायचं. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी फिजिक्समध्ये हे सुरू केलं. आपल्या १२० च्या वर्गात मत नोंदवायची बटणवाली मशीन कुठून आणणार, पण छातीशी एक, दोन, तीन, चार बोटं धरायला लावा, म्हणजे शेजारच्याला दिसत नाही आणि सरांना दिसतं, झालं काम.

मग आपल्याकडे का होत नाही? पुण्यात हुशार शिक्षकांची वानवा नाही हो. गरवारे कॉलेजात मायक्रोबायोलॉजीला मिलिंद वाटवे सर होते, नंतर ते पाषाणला आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत गेले. पोरांना घेऊन खराखुरा रिसर्च करणारा माणूस. पण मुलांकडून रिसर्च करून घेणं वेगळं आणि मुलं शिकतात कशी यावर रिसर्च करणं वेगळं, दुसऱ्याला आपल्या कॉलेजांत वालीच नाही. बायोलॉजीवाले म्हणतात हे बीएडवाल्यांचं काम, बीएडवाले म्हणतात तुमचा विषय आम्हाला कळत नाही. त्यात बराचसा स्टाफ तासिका तत्त्वावर, तो माणूस सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या, तो कुणाची मुलाखत घेणार?

अजून एक मेख आहे. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच फिजिक्सच्या मुलांवर बघितलं गेलं, की स्वतः डोकं चालवायला लावलेल्या वर्गातली मुलं जास्त शिकली, पण त्यांना स्वतःला वाटत होतं आपण कमी शिकलो! छान ओघवतं लेक्चर ऐकलं की समजल्यासारखं वाटतं ना, तसं. म्हणजे जे सर चांगलं शिकवायला जातील त्यांचाच फीडबॅक फॉर्म खराब येणार. माझ्या मते आपल्या कॉलेजांनी तो फॉर्म एवढा मनावर घेणं बंद करावं, पण ऐकतंय कोण.

ज्यांना यात जायचंय त्यांनी मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघा, टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं आहे, तिथे विज्ञान शिक्षणात पीएचडी होते. आणि जे ऑलरेडी शिकवतायत त्यांनी परवानगीची वाट बघू नका, ते बोटांचं व्होटिंग उद्याच्या तासालाच करा. फक्त चुकीचे ऑप्शन घरी बसून मनाने बनवू नका, आधी चार-पाच पोरांना कँटीनमध्ये चहा पाजा आणि ती काय बोलतात ते लिहून घ्या.