कॉडची मासेमारी बंद करणारा मंत्री

मंडळी, कॅनडाच्या जॉन क्रॉस्बी यांनी आयुष्यात खाती कमी सांभाळली नाहीत. जन्म १९३१चा, कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंड प्रांतातल्या सेंट जॉन्सचा. घराणं बडं व्यापारी. आधी लिबरल पक्षात राहून प्रांताचे तेव्हाचे प्रीमियर (मुख्यमंत्री) स्मॉलवूड यांच्याशी भांडले, मग कॉन्झर्व्हेटिव्ह झाले. १९७९ साली अर्थमंत्री म्हणून मांडलेल्या अर्थसंकल्पावर पंतप्रधान क्लार्क यांचं सरकारच पडलं. पुढे कायदा, वाहतूक, परराष्ट्र व्यापार ही खाती झाली. १९९१ मध्ये वाट्याला आलं मत्स्यव्यवसाय आणि महासागर खातं, आणि इतिहासात त्यांचं नाव राहिलं ते याच खात्यामुळे.

त्यांच्या हाती आलेला समुद्र कसा होता? १९६८ साली न्यूफाउंडलंडजवळ परदेशी ट्रॉलरसकट (ट्रॉलर म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या बोटी) आठ लाख टनांवर कॉड मासा पकडला गेला होता. एवढा उपसा कोणता साठा सोसेल? १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द जाहीर केली. परदेशी बोटी बऱ्याच मागे हटल्या, पण त्यांची जागा कॅनडाच्याच ट्रॉलरांनी घेतली. आणि इथे हिशेब चुकला. खात्याचे शास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज बांधताना ट्रॉलरांना मिळणाऱ्या मासळीवर फार भिस्त ठेवत. साठा आटत चालला तसा उरलेला कॉड थोड्या जागांत दाटीने गोळा होत गेला. ट्रॉलर नेमके तिथेच जात, जाळी भरून येत, आणि कागदावर समुद्र भरलेला दिसे. किनाऱ्यालगत छोट्या होड्यांतून मासे धरणारे मात्र कित्येक वर्षं सांगत होते की मासा कमी येतोय, बारीक येतोय. त्यांचं ऐकलं गेलं नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

१ जुलै १९९२ला क्रॉस्बी बे बुल्स गावी गेले. धक्क्यावर संतापलेल्या मच्छीमारांनी त्यांना घेरलं. समुद्रातले मासे मी नेलेले नाहीत, असं ते तिथेच ओरडून म्हणाले. दुसऱ्या दिवशी सेंट जॉन्सच्या हॉटेलात त्यांनी कॉडच्या मासेमारीवर दोन वर्षांची बंदी जाहीर केली, तेव्हा बाहेर मच्छीमार दार फोडू पाहत होते. भरपाई होती आठवड्याला २२५ डॉलर. ओरड झाल्यावर ती ४०६ डॉलरपर्यंत वाढवावी लागली. हे सगळे त्यांच्याच प्रांतातले लोक. होड्यांवरचे आणि मासळी कारखान्यांतले मिळून सुमारे तीस हजार जण बेकार झाले.

क्रॉस्बींना मी भित्रा म्हणणार नाही. आपल्याच मतदारांसमोर उभं राहून असा हुकूम सुनावायला छाती लागते. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत कोटा, म्हणजे वर्षभरात पकडायची मुभा, १,८५,००० टनांवरून १,२०,००० टनांवर आणला होता, म्हणजे धोका ठाऊक होता. कॅनडाच्या मत्स्यव्यवसाय कायद्यात परवान्यांबाबत मंत्र्याचा अधिकार जवळपास अनिर्बंध आहे. तो अधिकार त्यांच्या आधीच्या मंत्र्यांनी काही वर्षं अगोदर वापरायला हवा होता.

१९९३ मध्ये ते निवडणुकीच्या राजकारणातून बाहेर पडले, २००८ ते २०१३ प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर (राज्यपालासारखं पद) होते आणि २०२० साली वारले. दोन वर्षांची म्हणून आणलेली ती बंदी उठली थेट २०२४ मध्ये, १८,००० टनांच्या कोट्यासह. कॉडचा साठा तेव्हा धोक्याच्या नव्हे, तर सावधगिरीच्या श्रेणीत धरला जात होता. मला ही घाई वाटते, कारण साठ्याची वाढ मधल्या काही वर्षांत जवळजवळ थांबलेलीच होती.