नववीतल्या मुलीला काय द्यायचं?

(दृश्य: पाचगणी–महाबळेश्वर रस्ता, स्ट्रॉबेरीचे वाफे, रंगवलेल्या भिंती)

पाचगणी सोडून महाबळेश्वरकडे निघालं की वाटेत भिलारला जायचा फाटा लागतो. वाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरलेला, त्यावर लालबुंद स्ट्रॉबेरी. गावात शिरलं की भिंती बोलायला लागतात. ४ मे २०१७ रोजी भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून सुचलेली. तिथं जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, इथं मात्र विक्री नाही. पुस्तकं राज्य मराठी विकास संस्थेची, खोल्या गावकऱ्यांच्या. सुरुवात २५ ठिकाणी, सुमारे १५ हजार पुस्तकांनी झाली. एका घरात चरित्रं, दुसऱ्यात कादंबऱ्या, तिसऱ्यात बालसाहित्य. या, बसा, वाचा, कोणी पैसे मागत नाही.

(दृश्य: सहलीची बस, बालसाहित्याचं घर)

सहल आली आहे. पाचवीतली पोरं आत शिरली आणि सतरंजीवर फतकल मारून बसलीसुद्धा. ही नववीतली मुलगी मात्र उंबऱ्याशीच थांबली. "हे बारक्यांचं आहे," ती मैत्रिणीला म्हणते. दोघी कादंबऱ्यांच्या घरात जातात. तिथं सोबतचे सर कपाटातून 'मृत्युंजय' काढून हातात ठेवतात. कर्णावर जीव जडण्याचं हेच वय, हे कबूल. पण आजवर धड्याबाहेर काही न वाचलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी एवढा ठोकळा? पुस्तक कपाटात परत जातं. तिची नजर बघा.

(दृश्य: कपाटावरून सरकणारा कॅमेरा, एकेक पुस्तक जवळून)

मग तिला काय द्यायचं? ज्याला वाचायचा कंटाळा आहे, त्याला आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश, पुण्यात शिकणारा, सायकलवरून संकटात घुसणारा. "ट्टॉक्" असा आवाज काढतो, की समजावं, याला काहीतरी सापडलंय. पुस्तकं आटोपशीर, आणि एक आवडलं की पुढचं तयार. सवय लावायला याहून सोपा रस्ता नाही. भाषा थोडी जुनी वाटेल, पण दहा पानांत पोरं ती विसरतात.

नववी-दहावीसाठी मिलिंद बोकीलांची 'शाळा', २००४ची. मुकुंद जोशी नववीत आहे, काळ आणीबाणीचा आहे आणि वर्गात त्याला आवडणारी मुलगी, शिरोडकर, आहे. काही पालक नाक मुरडतात, कारण पोरं मागच्या बाकावरच्या भाषेत बोलतात. मागच्या बाकावर दुसरी कुठली भाषा बोलतात? चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावं. मुकुंदाच्या डोक्यात चाललेलं सगळं पडद्यावर कसं मावणार?

(दृश्य: 'बनगरवाडी'चं पहिलं पान, मुलीचं बोट ओळीवरून फिरतंय)

आणि ही 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. आमच्या मते या कपाटातलं सगळ्यात कामाचं पुस्तक. बारीक चणीचं, म्हणून धाक वाटत नाही. पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणुकीला जातो. त्याला शाळा चालवायची आहे, पण मुलं मेंढरांमागे. वाडीचा कारभारी त्याला हाताशी धरतो. हळूहळू मास्तर शिकवता शिकवता लोकांचे अर्ज लिहू लागतो, भांडणं मिटवू लागतो, तालीम बांधायचं मनावर घेतो. सोळाव्या वर्षी मुलांना मोठ्यांच्या कामात हात घालायचा असतो. इथं एक नवखा पोरगा ते करताना दिसतो. वाक्यं छोटी, कुठं उपदेश नाही. पुढं दुष्काळ पडतो, वाडी उठते.

द्यायची रीतही सांगायला हवी. "यातून बोध काय घेशील?" असं विचारू नये. पहिलं पान मोठ्यानं वाचावं आणि पुस्तक तिच्यापुढे ठेवून बाजूला व्हावं. या घरातल्या मावशी नेमकं हेच करतात: पान वाचतात आणि चहा टाकायला आत जातात.

दहावीचे क्लास सुरू झाले की बहुतेकांचं वाचन सुटतं.

(दृश्य: वहीत नावं उतरवणाऱ्या मुली, बसचा हॉर्न)

बस चारला सुटते. पुस्तक इथंच बसून वाचायचं असतं, घरी नेता येत नाही. म्हणून नाव आणि लेखक वहीत उतरवून घ्यावं, आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन मागावं. नसेल, तर ग्रंथपालांना मागणी नोंदवायला सांगावं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावं.