दाराच्या कडीवर हात ठेवून विचारलेला प्रश्न

वृद्ध रुग्णांशी लैंगिकतेबद्दल बोलायला डॉक्टरांना कसं शिकवावं, हा आजचा विषय. त्याकडे येतेच, पण आधी एक गोष्ट सांगू द्या, कारण ती मला अजून सुटलेली नाही.

प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष. एक निवृत्त शिक्षक यायचे, वय ७१. बी.पी. दर वेळी वाढलेलं. गोळ्या घेता ना? घेतो. मी मीठ तोडलं, डोस वाढवला, वर रागावलेही. एकदा सगळं झाल्यावर ते दारापर्यंत गेले आणि कडीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, त्या गोळीनं दुसरं काही होतं का?"

दुसरं काही म्हणजे काय, ते मला स्वच्छ कळलं होतं. तरी मी म्हणाले, "काका, आता या वयात कशाला त्याचा विचार?" ते "बरोबर, बरोबर" म्हणाले आणि गेले.

तुमच्यातले काही जण हसलात. हसा, अवघडल्यावर येतं ते हसू. त्या दिवशी मलाही आलं होतं.

काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. काकांनी गोळ्या केव्हाच सोडल्या होत्या. काकू म्हणाल्या, "त्याचं मला काही नाही हो. पण ते आता जवळच बसत नाहीत. मीच विचारणार होते तुम्हाला, पण तुम्ही आमच्या लेकीच्या वयाच्या." काका थायझाइड या बी.पी.च्या गोळीवर होते. त्या गोळीनं असा त्रास होऊ शकतो आणि ती बदलताही येते. मी फक्त विचारायला हवं होतं.

शौचाचा रंग, लघवीची धार हे न लाजता विचारायला मला कॉलेजात शिकवलं. हे नाही शिकवलं, याचा मला आजही राग आहे. २००७ साली अमेरिकेतल्या ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी बोललो, असं सांगणारे पुरुष ३८ टक्के आणि बायका फक्त २२ टक्के.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा भराभर सांगते. मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये 'प्लिसिट' ही चार पायऱ्यांची पद्धत मांडली: बोलायची मोकळीक, थोडी माहिती, नेमका सल्ला आणि लागलेच तर खास उपचार. पहिल्या दोन पायऱ्या कुठल्याही डॉक्टरला जमतात. शिकवताना रुग्णाची भूमिका करणारी माणसं समोर बसवा. मुलासुनेला बाहेर थांबवायची सवय लावा. विधवा, विधुर, एकटे यांनाही विचारा. जोडीदार कोण, हे गृहीत धरू नका.

हा नुसता सौजन्याचा प्रश्न नाही. लिंगाच्या ताठरतेची तक्रार हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं गुपचूप सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, घेतलं, तर रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणावर, वेदनेवर उपाय आहेत, आणि कित्येक जणी वर्षानुवर्षं सोसत राहतात. स्मृतिभ्रंश आणि संमती राहिलंच. त्यावर चहाच्या वेळी बोलू.

शेवटची दोन मिनिटं मला तुमचा आवाज हवा आहे. शेजाऱ्याकडे वळा आणि मोठ्यानं म्हणा: "या गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच जणांना शरीरसंबंधात अडचण येते. तुम्हाला तसं काही जाणवतंय का?"

नाही, पुटपुटू नका. पुन्हा.