जेजेचा वॉर्ड, तोच वर्ग

(दृश्य: मेडिसिनचा पुरुष वॉर्ड, राऊंडच्या आधीची वेळ)

पोटावर सकाळपासून हा पाचवा हात. आजोबा शर्ट वर करून निमूट पडलेत. प्लीहा, म्हणजे पोटातला डाव्या बरगडीखालचा अवयव, वाढलेली आहे. समोरच्या पोराला 'केस' घ्यायचीय आणि सर आले की ती मांडायचीय. आजोबांना बरं व्हायचंय, पोराला डॉक्टर. खाट मात्र एकच.

हे भायखळ्याचं सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय. पूर्ण नाव कुणी घेत नाही, 'जेजे' म्हटलं की टॅक्सीवाला बरोबर फाटकाशी सोडतो. जमशेटजींनी एक लाख रुपये दिले होते. 1845 साली रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज जोडीनेच सुरू झालं. 1851 मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. त्यात रामकृष्ण विठ्ठल लाड होते, म्हणजे आपले डॉ. भाऊ दाजी. राणीच्या बागेतल्या संग्रहालयावर नाव आहे तेच. कुष्ठरोगावर औषध शोधण्यात त्यांनी पुढे बरीच वर्षं घातली.

(दृश्य: जुन्या इमारतीचा व्हरांडा)

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ याच कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत लस तयार करत बसला आणि 10 जानेवारी 1897 ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती मिळाली भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. ते स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. कैद्याची स्वेच्छा किती, हा प्रश्न मनात येतोच.

जेजे एकटं नाही, 'जेजे समूह' आहे. समूह म्हणजे जेजेसोबत आणखी तीन रुग्णालयं. बोरीबंदरला लागून सेंट जॉर्जेस, एकेकाळी फक्त युरोपियनांसाठी. गोकुळदास तेजपाल, म्हणजे जीटी. आणि कामा, बायकांचं. तिथे एडिथ पीची यांच्यासारख्या डॉक्टर बाईने कारभार पाहिला, तोही एकोणिसाव्या शतकात. केईएम, सायन, नायर महापालिकेची. ही चार राज्य सरकारची. रांगेतल्या माणसाला या फरकाशी देणंघेणं नसतं. त्याला केसपेपरची खिडकी कुठली एवढंच हवं असतं.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवरचे जखमी शेजारच्या सेंट जॉर्जेसमध्ये आले, जेजेतही आले. कामामध्ये तर अतिरेकीच शिरले. सिस्टरांनी वॉर्डांची दारं लावली, दिवे मालवले, गरोदर बायकांना आत लपवलं. दोन पहारेकरी मारले गेले.

(दृश्य: औषधांचं कोठार. निवेदन सावकाश)

आणि 1986 सांगितल्याशिवाय जेजेची गोष्ट पुरी होत नाही. मेंदूवरचा दाब उतरावा म्हणून रुग्णांना ग्लिसरॉल देत. त्या वर्षाच्या सुरुवातीला ते देऊनही रुग्ण सावरेनात, त्यांची मूत्रपिंडं बंद पडू लागली. ग्लिसरॉलमध्ये डायथिलीन ग्लायकॉल होतं, औद्योगिक वापराचं विष. चौदा माणसं गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंतचे धागे उकलले. उपचार चुकले नव्हते. बाटली चुकीची होती, आणि ती वॉर्डात पोचेपर्यंत कित्येक सह्या झालेल्या होत्या. आमच्या मते वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे प्रकरण शरीरशास्त्राइतक्याच नेमाने शिकवायला हवं.

(दृश्य: कॅज्युअल्टीचं दार, स्ट्रेचर ढकलणारे मामा)

आज ग्रँटमध्ये दर वर्षी एमबीबीएसला अडीचशे मुलं येतात. जीटी आणि कामा मिळून 2024 मध्ये आणखी एक शासकीय कॉलेज सुरू झालं, पन्नास जागांचं. तुरुंगातून तपासणीला आणलेला आरोपी, खेड्यातून चिठ्ठी घेऊन आलेली बाई, खासगी दवाखान्यात पैसे संपलेला माणूस, सगळे याच दारातून येतात. रात्री बहुतेकांना पहिल्यांदा भेटतो तो निवासी डॉक्टर, स्वतः अजून शिकणारा. वॉर्डात त्याचं काम वेगळं आणि शिक्षण वेगळं असं काही नसतं.

(दृश्य: पुन्हा वॉर्ड)

आजोबांपाशी सहावा विद्यार्थी आलाय. त्याने तळवे घासून गरम केले आणि हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवला. आजोबांनी त्याचं मनगट धरलं आणि उजवीकडे, बेंबीच्या खाली नेऊन ठेवलं.

"खालनं सुरू कर, बाळा. तुझे सर खालनं वर येतात."