अटकेनंतर वाढलेलं कलम

ही मुंबईतल्या महालक्ष्मीची बंद पडलेली शक्ती मिल. पडक्या भिंती, उघडं आकाश, आत माजलेलं रान. ३१ जुलै २०१३ ला इथे एका टेलिफोन ऑपरेटर तरुणीवर, आणि २२ ऑगस्टला एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. दुसऱ्या घटनेनंतर थोड्याच दिवसांत आरोपी पकडले गेले.

अटक झाली की बातम्यांत कलमांची यादी झळकते, आणि खटला त्याच कलमांवर चालणार असं आपण धरून चालतो. एफआयआरमधली कलमं म्हणजे तपासाची नुसती सुरुवात. जखमी दगावला तर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा खुनाचा होतो. नवा पुरावा हाती आला की पोलीस कलमं वाढवतात. दोषारोपपत्र दाखल झाल्यावरही आरोप निश्चित करतं ते न्यायालय.

तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं हे पान. कलम २१६: निकाल सुनावण्यापूर्वी केव्हाही न्यायालय आरोप बदलू शकतं, त्यात भर घालू शकतं. याच कलमाचा पुढचा भाग सहसा कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून आम्ही थांबून वाचतोय. बदललेला आरोप आरोपीला वाचून, समजावून सांगायचा. त्याच्या बचावाला बाध येत असेल, तर खटला तहकूब करता येतो किंवा नव्याने चालवता येतो. कलम २१७ प्रमाणे आधी तपासलेले साक्षीदार पुन्हा बोलावता येतात, आणि ही मुभा दोन्ही बाजूंना आहे. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद २३९ आणि २४० मध्ये आहे. सरकारी वकील अर्ज करतो, युक्तिवाद करतो. आरोप बदलायचा की नाही, हे न्यायाधीश ठरवतात.

मुंबईचं सत्र न्यायालय. २० मार्च २०१४ ला दोन्ही खटल्यांत आरोपी दोषी ठरले. त्यांतले तिघे दोन्हीकडे होते. दुसऱ्या खटल्यात शिक्षा व्हायची बाकी असताना विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं ३७६-ई हे कलम वाढवण्याची मागणी केली. बलात्काराच्या गुन्ह्यात आधी दोषी ठरलेला पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी, असं हे कलम. २०१३ च्या दुरुस्तीने ते नुकतंच कायद्यात आलं होतं.

दोषी ठरवून झाल्यावर नवा आरोप? बचाव पक्षाने कडाडून विरोध केला. पण आधीच्या दोषसिद्धीचा उल्लेख आरोपात राहून गेला असेल, तर शिक्षा सुनावण्यापूर्वी तो घालता येतो, असं त्याच फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २११ च्या सातव्या पोटकलमात स्पष्ट लिहिलं होतं. २४ मार्चला न्यायाधीश शालिनी फणसळकर-जोशी यांनी वाढीव आरोप निश्चित केला. पहिल्या खटल्यातली दोषसिद्धी सरकार पक्षाला पुराव्याने शाबीत करावी लागली.

४ एप्रिलला तिघांना फाशी. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३७६-ई घटनात्मक ठरवलं, आणि २५ नोव्हेंबर २०२१ ला तिघांची फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली.